वीरगळ खालून वर वाचावा

कऱ्हा-नीरेकाठच्या गावांतून हिंडताना देवळाच्या आवारात किंवा पारावर एखादा कोरीव दगड टेकवून ठेवलेला दिसतो. झुंजीत पडलेल्या माणसाचं स्मारक म्हणून कोरलेला हा दगड म्हणजे वीरगळ. इंदापूर तालुक्यात जुन्या पळसदेवला पळसनाथाच्या देवळाजवळ असे दगड आहेत. पण ते गाव उजनी धरणात गेलं, त्यामुळे उन्हाळ्यात पाणी बरंच ओसरलं तरच तिथं पोचता येतं. कलाकृती पाहायला शिकायचं तर मुंबईची गॅलरीच गाठायला हवी असं नाही. माझ्या मते वीरगळ त्याहून बरा, कारण त्याच्या शेजारी कलाकाराचं नाव आणि कौतुकाची पाटी नसते.

एडमंड बर्क फेल्डमन या अमेरिकी कलाशिक्षकाने कलाकृती पाहण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत: वर्णन, मांडणीची तपासणी, अर्थ आणि शेवटी निवाडा. आपण बहुतेकदा चौथ्या पायरीवरच उडी मारतो. ‘काय सुंदर!’ किंवा ‘यात काय विशेष?’ म्हटलं, की पाहणं संपलं.

जाण्याची वेळ नीट निवडावी. वीरगळावरचं काम म्हणजे उठावशिल्प, म्हणजे आजूबाजूचा दगड तासून आकृती थोडी वर आणलेली. उन्हापावसाने ती झिजलेली असते. भर दुपारी सगळं सपाट दिसतं. सकाळच्या किंवा उतरत्या तिरप्या उन्हात तोच दगड बोलू लागतो. ऊन नसेल तर मोबाइलची बॅटरी समोरून न मारता दगडाच्या कडेला टेकवून मारावी. खडूने रेघा ओढू नयेत, तारेच्या ब्रशने घासू नये. शेंदूर लावलेला असेल तर तो कोणाचा तरी देव आहे. गावात विचारल्याशिवाय हात लावू नये.

आता वर्णन. वहीत एक उभा चौकोन काढा, दगडावर जितके आडवे खण असतील तितके पाडा आणि तळाच्या खणाला 1 क्रमांक द्या. वीरगळाची गोष्ट खालून वर जाते. पुस्तकाच्या सवयीने वरून वाचायला घेतलं, तर पूजा करणारा माणूस पुढे मरून पडला, अशी उलटी कथा तयार होते.

समजा, आपल्यासमोर कमरेइतका काळा दगड आहे. खण 1: तीन गाई, त्यांच्या पायांखाली आडवा माणूस. खण 2: ढाल-तलवार घेतलेला पायी माणूस, समोर दोन घोडेस्वार. खण 3: मधे एक पुरुष, दोन्ही बाजूंनी त्याला धरलेल्या दोन स्त्रिया. खण 4: शिवलिंग, त्यापुढे हात जोडून बसलेला माणूस, पलीकडे आणखी एक. अगदी वर चंद्र, सूर्य आणि कळस. एवढंच लिहायचं. ‘वीर’, ‘शत्रू’, ‘स्वर्ग’ हे शब्द अजून वापरायचे नाहीत, कारण ते आपल्याला दिसलेले नाहीत, ठाऊक आहेत.

हमखास चूक होते ती इथंच. कितीतरी वीरगळ जमिनीत अर्धे गाडले गेलेत किंवा ओट्याच्या सिमेंटमध्ये बसवलेत. तळाचा खण मातीखाली असेल तर गाई दिसत नाहीत आणि गोष्टीचं कारणच हरवतं. म्हणून ‘खालचा भाग दिसत नाही’ हेसुद्धा वर्णनात लिहावं. उकरून मात्र पाहू नये.

मांडणी तपासताना थोडेच प्रश्न पुरतात. सगळ्यात मोठं कोण? नजर कुठून कुठे जाते? गर्दी कुठे, मोकळीक कुठे? आपल्या दगडावर पायी माणूस घोड्याएवढा उंच आहे. पाथरवटाला प्रमाण कळत नव्हतं असं म्हणायची घाई नको. महत्त्वाचा माणूस मोठा काढायचा, हा संकेत म्हणजे ठरलेली रीत होती.

मग अर्थ. गाई कोरल्या असतील तर गुरं पळवून नेणाऱ्यांशी झुंजताना मरण आलं, असं मानतात. दोन स्त्रिया म्हणजे त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा. चंद्रसूर्य म्हणजे ते आहेत तोवर कीर्ती राहो. शेजारच्या दगडावर बांगड्या भरलेला, कोपरात वाकलेला हात असेल तर ती सतीशिळा, म्हणजे सती गेलेल्या स्त्रीचं स्मारक. अर्थाच्या प्रत्येक वाक्यापुढे ‘कारण’ लिहून खणाचा क्रमांक टाकावा. क्रमांक सापडला नाही तर वाक्य खोडावं.

याच पायरीवर दंतकथा घुसतात. इंदापूर म्हटलं की शिवरायांचे आजोबा मालोजीराजे यांचं नाव ओठांवर येतं, म्हणून तालुक्यातला प्रत्येक वीर त्यांचा शिलेदार ठरत नाही. महाराष्ट्रातले बरेचसे वीरगळ लेखाविनाच आहेत आणि अनेक यादवकाळाच्या आसपासचे, म्हणजे मालोजीराजांच्या बरेच आधीचे मानले जातात. जाणकारांचंही एकमत होतंच असं नाही. बोरिवलीजवळ एकसरला जहाजांची लढाई कोरलेले वीरगळ आहेत. काहींनी त्यांचा संबंध राजा भोजाच्या कोकण स्वारीशी लावला, तर काहींनी यादव महादेव आणि शिलाहार सोमेश्वर यांच्या तेराव्या शतकातल्या युद्धाशी. जहाजं तीच, वल्ही तीच. वर्णनावर वाद नाही, अर्थावर आहे.

शेवटी निवाडा. वेरूळचा कैलास मनात धरून गावच्या पाथरवटाला नापास करणं अन्यायाचं आहे. त्याची तुलना दुसऱ्या वीरगळाशी करावी. संकेत तर सगळ्यांनीच पाळलेत. या हाताने स्वतःचं काय घातलं, ते शोधावं. आपल्या दगडावर एक गाय मान वळवून पडलेल्या माणसाकडे बघते आहे, तर तिथं कोरणारा थांबून विचार करत होता असं मी म्हणेन. अप्सरा मात्र साच्यातल्या, उरकलेल्या. दगड चांगला, पहिल्या खणामुळे, तिसऱ्यामुळे नव्हे. इतका नेमका निवाडा पुरे.

सोबत कोणी असेल तर त्याच्याकडून वेगळा निवाडा लिहून घ्यावा आणि खण दाखवायला सांगावं. त्याने बोट ठेवून दाखवलं तर आपलं मत बदलायला हरकत नाही. ‘मला आपलं आवडलं’ एवढंच म्हणाला, तर चहा पाजून विषय बदलावा.