13,089 जागांत आपल्या किती?

मध्य प्रदेशात 2025 साली प्राथमिक शिक्षकांची, म्हणजे तिकडच्या बोलीत ‘वर्ग 3’ची, भरती निघाली ती 13,089 पदांची. त्यातली 10,150 शालेय शिक्षण विभागाची आणि 2,939 जनजातीय कार्य विभागाची. बऱ्हाणपूर, शहापूर, इच्छापूर या पट्ट्यातल्या डीएड झालेल्या मराठी मुलामुलींनाही या आकड्याने धीर आला असेल. पण तो मोडून बघितल्याशिवाय त्यावर आयुष्याची पाच वर्षं लावू नयेत.

2011 च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या होती 7 कोटी 26 लाखांवर आणि बऱ्हाणपूर जिल्ह्याची 7,57,847. म्हणजे शंभरात एक. भरती राज्यभराची असते, जिल्ह्यांना जागा अशा वाटून मिळत नाहीत; तरी अंदाजासाठी लोकसंख्येच्या प्रमाणात वाटल्या असं धरलं, तर जिल्ह्याच्या वाट्याला साधारण 137 जागा येतात. यातल्या निम्म्या, सरकारी शाळेत मानधनावर शिकवणाऱ्या अतिथी शिक्षकांसाठी राखीव. तीन शैक्षणिक सत्रं आणि किमान 200 दिवस सरकारी शाळेत शिकवलेलं असेल, तरच त्या निम्म्यात नाव लागतं. उरल्या 68. आता सामाजिक आरक्षण: अनुसूचित जमाती 20 टक्के, अनुसूचित जाती 16, इतर मागास 27, आर्थिक दुर्बल 10. खुल्या प्रवर्गाला 27 टक्के राहतात, म्हणजे 18 जागा. महिला आणि दिव्यांगांचं आरक्षण याच 18 च्या आत बसतं. अनुशेषामुळे प्रत्यक्ष तक्ता थोडा इकडेतिकडे होतो आणि अतिथी शिक्षक मिळाले नाहीत तर ती पदं इतरांकडे येतात. पण 13,089 आणि 18 यांच्यातलं अंतर त्याने मिटत नाही.

इतर मागास उमेदवारांचा प्रश्न वेगळाच. 2019 साली त्यांचं आरक्षण 14 वरून 27 टक्के केलं आणि प्रकरण न्यायालयात गेलं. 2022 पासून राज्याने 87-13 चं सूत्र आणलं: 87 टक्के पदांचे निकाल लावायचे, वादातली 13 टक्के थांबवून ठेवायची. परीक्षेत गुण मिळवलेली माणसं यात अडकतात, आणि त्यांच्या वयाची वर्षं कुठलंही सूत्र परत देत नाही. मला या सगळ्या हिशेबात हीच गोष्ट सर्वांत अन्यायाची वाटते.

मथळ्यातला आकडा फसवतो तो आणखी एका बाजूने. 2024 च्या शिक्षक निवड परीक्षेची जाहिरात 10,758 पदांची होती. तिच्यात माध्यमिक विषय शिक्षक 7,929. बाकीची 2,829 पदं खेळ, संगीत आणि नृत्याची. प्राथमिकची 2,099 होती खरी, पण ती 1,377 खेळाची, 452 संगीताची आणि 270 नृत्याची. पहिली ते पाचवीच्या सर्वसाधारण शिक्षकाचं एकही पद त्या 10,758 मध्ये नव्हतं. उलट बीएडवाल्यांना प्राथमिकचं दार बंद आहे: सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2023 रोजी प्राथमिक वर्गांसाठी बीएड ही पात्रता अमान्य केली. त्याआधी झालेल्या नेमणुकांना पुढे एप्रिल 2024 मध्ये संरक्षण मिळालं, नव्यांना नाही. तेव्हा कोणता अभ्यासक्रम घ्यायचा हे प्रवेशाच्या दिवशीच ठरवावं लागतं.

वेळेचा हिशेब तर पैशाइतकाच कडक. 2011-12 च्या संविदा, म्हणजे कंत्राटी, शिक्षक परीक्षेनंतर पुढची मोठी भरती आली ती 2018 ची. अर्ज 2018 मध्ये, परीक्षा 2019 मध्ये, निकाल त्याच वर्षी. कागदपत्रांची तपासणी जुलै 2020 मध्ये सुरू होऊन कोरोनात थांबली आणि नेमणुका ऑक्टोबर 2021 मध्ये. 2023 पासून तर आधी पात्रता परीक्षा आणि मग निवड परीक्षा, अशा दोन पायऱ्या झाल्या. नेमणुकीनंतरही 2019 च्या नियमाने पहिल्या वर्षी पगाराच्या 70 टक्के, दुसऱ्या वर्षी 80, तिसऱ्या वर्षी 90 ठरवले. प्राथमिक शिक्षकाचं किमान मूळ वेतन 25,300 रुपये धरलं तर त्या नियमाने सुरुवात 17,710 वर होते, आणि तीन वर्षांत मूळ वेतनातलेच 1,82,160 रुपये कमी हाती येतात. तरीही वर्ग 3 च्या अतिथी शिक्षकाचं मानधन सप्टेंबर 2023 मध्ये दुप्पट होऊन 10,000 झालं, त्यापेक्षा हे बरं. म्हणून तर एवढी रांग.

मग शेजारच्या रावेर, जळगावकडे जावं का? बऱ्हाणपुरात हा विचार येणं साहजिक आहे, सीमा जवळ आहे आणि भाषाही घरची आहे. महाराष्ट्रात 2023 च्या अभियोग्यता चाचणीला 2,16,443 उमेदवार बसले. शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर जागा आल्या 21,678, म्हणजे एका जागेमागे दहा जण. फेब्रुवारी 2024 च्या पहिल्या यादीत शिफारस झाली 11,085 जणांची. त्या हिशेबाने विसांत एक. 2025 च्या चाचणीलाही 2,11,308 जण बसले. नेमणूक मिळाली तर प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला तीन वर्षं 16,000 रुपये. शाळेचं माध्यम आणि आपल्या शिक्षणाचं माध्यमही जुळावं लागतं. हिंदी माध्यमातून शिकलेल्या मराठी मुलाला तिथेच अडचण येते. शिवाय जातीचं आरक्षण राज्याची हद्द ओलांडत नाही. मध्य प्रदेशातला राखीव उमेदवार महाराष्ट्रात खुल्या प्रवर्गात मोजला जातो.

माझं मत असं की बऱ्हाणपूरच्या डीएडधारकाने पहिली नजर अतिथी शिक्षकाच्या जागेवर ठेवावी. मानधन थोडं आहे, पण तीन सत्रं भरली की 137 मधल्या राखीव निम्म्याचं दार उघडतं आणि उरलेल्या निम्म्याचं बंदही होत नाही. अर्ज भरताना जाहिरातीच्या मथळ्यावर थांबू नका. नियमपुस्तिकेतला विभाग, विषय आणि प्रवर्गाचा तक्ता उघडा, आपल्या रकान्यातली संख्या वहीत लिहा आणि किती वर्षं द्यायची ते त्या संख्येवरून ठरवा. आणि सरकारने दरवर्षी ठरलेल्या महिन्यात, रिक्त पदं मोजून, भरती काढावी. सात वर्षांचा खंड पाडून मग एकदम हजारोंचा आकडा जाहीर करणं बंद व्हायला हवं.