इटलीच्या दप्तरातली माणसं

ब्वेनोस आयरीस, साओ पाउलो किंवा न्यू जर्सीतल्या एखाद्या घरात पणजोबांचा फोटो असतो आणि माहिती एवढीच, की ते ‘नेपल्सकडचे’. गावाचं नाव कुणाला आठवत नाही. आडनावाचं स्पेलिंगही मधल्या काळात बदललेलं. 1876 ते 1915 या चाळीस वर्षांत सुमारे 1 कोटी 40 लाख माणसांनी इटली सोडली. त्यांच्या कितीतरी वंशजांच्या हाती आज इतकंच उरलं आहे. पण पणजोबांच्या जन्माचा कागद बहुतेक वेळा शाबूत असतो. आईवडिलांची नावं, बापाचा धंदा, राहती गल्ली, जन्माची वेळ, सगळं त्यात असतं. इटलीतल्या साधारण आठ हजार नगरपालिकांपैकी कुठल्या गावाच्या, कुठल्या वर्षाच्या वहीत तो आहे, हे मात्र सांगणारं कुणी नसतं. ते सांगते सूची. आणि ही सूची आपोआप झालेली नाही. जगभरच्या स्वयंसेवकांनी संध्याकाळच्या फावल्या वेळात एकेक नोंद वाचून ती तयार केली आहे, अजून करताहेत. या कामाबद्दल फारसं लिहिलं जात नाही, म्हणून हा लेख.

आधी वह्यांबद्दल. जन्म, लग्न, मृत्यू लिहून ठेवायचं काम युरोपात मुळात पाद्र्यांचं. इटलीत नेपोलियनच्या राजवटीने ते सरकारी अधिकाऱ्याकडे आणलं. उत्तर इटलीच्या बऱ्याच भागात 1806च्या सुमारास आणि नेपल्सच्या राज्यात 1809पासून सरकारी नोंदी सुरू झाल्या. 1815मध्ये नेपोलियनचा पाडाव झाल्यावर उत्तरेत आणि पोपच्या मुलखात कारभार पुन्हा चर्चकडे गेला. दक्षिणेत परत आलेल्या बूर्बों राजांनी मात्र शत्रूने घालून दिलेली ही शिस्त मोडली नाही. उलट 1820पासून सिसिलीतही ती लागू केली. इटलीच्या एकीकरणानंतर 1 जानेवारी 1866पासून बहुतेक देशात एकच पद्धत आली. व्हेनेतो आणि रोमच्या बाजूला ती पोचायला 1871 उजाडलं. त्यामुळे कालाब्रियातल्या भूमिहीन शेतमजुराच्या वंशजाला 1809पासूनची अखंड साखळी मिळू शकते, आणि उत्तरेतल्या खात्यापित्या घराण्याच्या वंशजाला मधल्या पन्नास वर्षांसाठी चर्चच्या वह्या धुंडाळाव्या लागतात. दक्षिणेच्या वाट्याला इतिहासात फार कमी गोष्टी इतक्या भरभरून आल्या.

प्रत्येक वहीच्या दोन प्रती असत. एक नगरपालिकेत राही, दुसरी न्यायालयाकडे जाई. न्यायालयाची प्रत सत्तर वर्षांनी त्या प्रांताच्या सरकारी दप्तरखान्यात जमा होते. एका ठिकाणी भूकंप झाला, आग लागली, युद्ध आलं, तरी दुसरी प्रत वाचण्याची आशा राही. या दुसऱ्या प्रतींच्या मायक्रोफिल्म काढण्याचं काम अमेरिकेतल्या यूटाच्या वंशावळ संस्थेने, म्हणजे आजच्या ‘फॅमिलीसर्च’ने, कित्येक दशकं केलं. 2011मध्ये तिचा इटलीच्या दप्तरखाना संचालनालयाशी करार झाला. आज ‘आंतेनाती’ या सरकारी संकेतस्थळावर कोट्यवधी पानं कुणालाही फुकट पाहता येतात. पाहता येतात, पण त्यातली सगळी नावाने शोधता येत नाहीत. सूची झाली आहे ती काही भागाचीच. बाकीच्यासाठी गाव आणि वर्ष आधीच ठाऊक हवं.

दक्षिणेतली 1815नंतरची एखादी जन्मनोंद समोर घेऊ. अर्धा मजकूर छापील, अर्धा बोरूने भरलेला. डाव्या बाजूला लिहिलेलं असतं की अमुक दिवशी अमुक वाजता आमच्यासमोर, म्हणजे गावच्या प्रमुखासमोर, अमुक नावाचा इसम हजर झाला. वय तीस, धंदा शेतमजुरी, राहणार अमुक गल्ली. त्याने आम्हाला एक मुलगी दाखवली. बाळ खरोखरच कचेरीत आणून दाखवावं लागे. मग बायकोचं नाव, तिचं वय, बाळाचं नाव, दोन साक्षीदारांची नावं, वयं आणि धंदे. शेवटी, मजकूर वाचून दाखवला, पण हजर झालेल्यांना लिहिता येत नसल्याने सही आमचीच, असा शेरा. उजव्या बाजूच्या रकान्यात पाद्र्याकडून आलेली बाप्तिस्म्याची तारीख. वर्ष, दिवस, वय हे सारं अक्षरी. एका पानावर एवढी माणसं उभी असतात, आणि त्यांतल्या बहुतेकांनी आयुष्यात दुसरा कुठला लेखी माग ठेवलेला नसतो.

या नोंदींत बाई शेवटपर्यंत तिच्या माहेरच्या आडनावाने येते. मुलाच्या जन्मात, लग्नात, स्वतःच्या मृत्यूतही. आपल्याकडे लग्नात आडनाव बदलतं, अनेक घरांत नावही बदलायचं, आणि जुन्या कुलवृत्तांतांत घरात आलेल्या सुनेचं मूळ शोधताना दमछाक होते. इटलीत आजीच्या आईच्या आईपर्यंत तितक्याच सहजपणे जाता येतं, जितकं आजोबांच्या बापापर्यंत. या दप्तरांची मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट हीच.

आता सूचीकाराचं काम. त्याच्यासमोर पानाचं चित्र असतं आणि बाजूला भरायचे रकाने: नाव, आडनाव, तारीख, बापाचं नाव, आईचं नाव. ऐकायला सोपं वाटतं. पण एकोणिसाव्या शतकातल्या कारकुनाचा n आणि u सारखाच दिसतो, मोठा L आणि S एकमेकांच्या अंगावर रेलतात. महिन्यांची तर वेगळीच तऱ्हा. समासात किंवा वहीच्या शेवटी जागा वाचवण्यासाठी 7bre असं लिहिलेलं सापडतं. नवखा माणूस तो सातवा महिना समजून जुलै टाकतो. असतो सप्टेंबर, कारण सात म्हणजे इटालियनमध्ये ‘सेत्ते’ आणि 7bre म्हणजे ‘सेत्तेंब्रे’. तसाच 8bre म्हणजे ऑक्टोबर, 9bre नोव्हेंबर आणि 10bre डिसेंबर. या एका खुणेपायी किती जन्म दोन महिने अलीकडे सरकले असतील!

वर्षाच्या अखेरीस कारकुनाने स्वतः केलेली नावांची यादी असते. तिच्यावरही डोळे मिटून भरवसा ठेवता येत नाही. जुन्या काही वह्यांत ती आडनावाऐवजी पहिल्या नावाने लावलेली असते, आणि मग सगळे जुझेप्पे एकाखाली एक येतात. पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव, दुसऱ्याला आईच्या बापाचं, अशी चाल असल्याने एका गावात एकाच नावाचे, जवळपास एकाच वयाचे चार चुलतभाऊ निघतात. त्यातून एखादं मूल तान्हेपणीच गेलं की पुढच्या मुलाला पुन्हा तेच नाव देत. म्हणून जन्माची नोंद सापडली की मृत्यूच्या वह्याही पाहाव्या लागतात, नाहीतर माणूस दोन वर्षांच्या वयात गेलेल्या बाळाचा पणतू ठरतो.

सूचीकारांचा एक जुना नियम मला फार मानाचा वाटतो. जे लिहिलंय तेच उतरवायचं. कारकुनाने आडनावातलं एक अक्षर खाल्लं असेल तर ते खाल्लेलंच ठेवायचं. शेजारच्या पानावर तेच कुटुंब वेगळ्या स्पेलिंगने आलं असेल तर ते तसंच घ्यायचं. आपल्या मनाने ‘बरोबर’ केलं की पुढच्या शोधणाऱ्याला मूळ काय होतं हे कधीच कळत नाही. कित्येक वर्षं फॅमिलीसर्चच्या कामात एकच पान दोन वेगवेगळी माणसं एकमेकांचं न पाहता भरत, आणि जिथे फरक पडे तिथे तिसरा जाणकार निवाडा करी. आता हस्ताक्षर वाचणारी संगणकप्रणाली पहिला मसुदा करते आणि माणसं तो तपासतात. काम झपाट्याने होतं, हे खरं. पण यंत्राला 7bre कसा वाचायचा हे आधी कुणीतरी बरोबर वाचलेल्या पानांवरूनच शिकवावं लागतं.

सूचीत न मावणारं पुष्कळ काही पानावर राहतं. टाकून दिलेल्या मुलांच्या नोंदी बघा. अनाथालयाच्या भिंतीत एक फिरतं लाकडी पिंप असे. बाहेरून त्यात बाळ ठेवायचं, फिरवायचं, आणि आतली बाई ते उचलून घेई. नेपल्सच्या आन्नुन्झियाता संस्थेतलं असं पिंप 1875मध्ये बंद झालं. नोंदीत ती बाई सांगते की बाळ किती वाजता सापडलं, अंगावर कोणते कपडे होते, गळ्यात काही खूण होती का. कधी अर्धं मोडलेलं पदक असे, म्हणजे उरलेला अर्धा कुणाकडे तरी होता. सूचीत या मुलाचं फक्त नाव आणि तारीख येते. आईबापांचे रकाने रिकामे. ज्याला हे मूल आपलं पूर्वज म्हणून सापडतं त्याने सूचीवर थांबू नये, पान उघडावंच.

लग्नाच्या जोडपत्रांचंही तसंच. लग्नासाठी वधूवरांचे जन्मदाखले लागत, आणि बाप हयात नसेल तर त्याचा मृत्यूचा दाखला, कारण संमती कुणाची घ्यायची हा प्रश्न असे. बाप नसताना आजोबांची संमती घ्यायची तर तेही गेल्याचा पुरावा जोडत. म्हणजे 1825च्या एका लग्नाच्या गठ्ठ्यात 1809च्या कितीतरी आधी जन्मलेल्या माणसाचा, पाद्र्याने नक्कल करून दिलेला दाखला निघू शकतो. वंशावळ शोधणाऱ्यांसाठी हे घबाडच आहे. पण हे गठ्ठे सूचीत क्वचितच येतात, पानामागून पान उलटूनच बघावे लागतात.

आपल्याकडेही 2023मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मराठवाड्यातल्या तहसील कचेऱ्यांत जुनी जन्ममृत्यूची रजिस्टरं बाहेर निघाली, मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. कागद होता, पण त्यातलं नाव शोधता येत नव्हतं. ही अडचण आपल्याला परकी नाही. इटलीत बराच काळ या शोधामागे नागरिकत्वाचा हक्कही होता. पूर्वज कितीही मागचा असला तरी रक्ताच्या नात्याने नागरिकत्व मिळे. मार्च 2025च्या अध्यादेशाने आणि मे महिन्यातल्या कायद्याने तो हक्क मुख्यतः आईवडील आणि आजीआजोबांपर्यंत आणून ठेवला. पासपोर्टसाठी शोधणारे आता कमी होतील. माझ्या मते सूचीच्या कामावर याचा परिणाम होऊ देता कामा नये, कारण या वह्यांतल्या कितीतरी माणसांचे वंशज कधी परदेशी गेलेच नाहीत, आणि त्यांनाही आपली पणजी कोण होती हे जाणून घ्यायचा तितकाच हक्क आहे.

शोधताना नाव सापडलं नाही तर नोंदच नाही असं समजू नये. आडनावातली शंकास्पद अक्षरं वगळून शोधावं, जोडशब्दांची आडनावं एकत्र आणि सुटी दोन्ही करून पाहावी. गाव माहीत असेल तर दहा वर्षांच्या एकत्रित याद्यांपासून सुरुवात करावी. आणि फॅमिलीसर्चवर चुकीचं उतरलेलं नाव दिसलं तर ते दुरुस्त करावं. बऱ्याच नोंदींवर ती सोय आहे. जुनं वाचनही नव्याशेजारी राहतं, त्यामुळे आधीच्या स्वयंसेवकाचं काम पुसलं जात नाही आणि पुढच्याला दोन्ही पाहून पान उघडता येतं.