कायदा रोमचा, न्यायासन कोणाचे?

दूरच्या प्रांतांत पाठविलेल्या अधिकाऱ्यांच्या हातांना आवर कसा घालावा, हा प्रश्न प्राचीन रोमलाही चुकला नाही. इ. स. पूर्व १४९ मध्ये काल्पुर्निअस पिसो याने त्यासाठी कायदा करविला आणि अधिकाऱ्यांनी प्रजेकडून उकळलेल्या पैशाची चौकशी करणारे स्थायी न्यायालय स्थापन झाले. मात्र पंच सेनेटर आणि आरोपी प्रांताधिपतीही सेनेटरच. घरचीच पंचायत म्हणावयाची!

गायस ग्राकसच्या काळात, इ. स. पूर्व १२३-१२२ च्या सुमारास, सेनेटरांना वगळून ‘इक्विटीझ’ या धनिक वर्गाला पंच नेमण्यात आले व दुप्पट भरपाई ठरली. कागदावर कायदा चोख. पण याच वर्गाकडे प्रांतांतील करवसुलीचे मक्ते असत. मक्तेदार सरकारला ठरावीक रकमेची हमी देई. वर जे वसूल होईल ते त्याचे. साहजिकच त्याच्या आड येई तो लाचखाऊ नव्हे, प्रामाणिक अधिकारी. आशिया प्रांतात मक्तेदारांना लगाम घालणाऱ्या रुटिलिअस रूफसवर इ. स. पूर्व ९२ च्या सुमारास खंडणीचाच खटला होऊन तो दोषी ठरला. हद्दपारीत तो त्याच प्रांतातील स्मिर्ना नगरीत राहिला. ज्यांना त्याने म्हणे लुटले, त्यांनीच त्याचे स्वागत केले!

पुढे सुल्लाने पंचपदे पुन्हा सेनेटरांना दिली. इ. स. पूर्व ७० मध्ये सिसेरोने व्हेरीसवर खटला चालविला तो त्यांच्यापुढे. सिसिलीत तीन वर्षांत चार कोटी सेस्टर्स उकळल्याचा आरोप होता. एका वर्षाची लूट स्वतःला, दुसऱ्याची वकिलांना व पाठीराख्यांना, तिसऱ्या भरघोस वर्षाची पंचांना, अशी वाटणी व्हेरीस सांगत असे, असे सिसेरो म्हणतो. वकिलाचे बोलणे थोडे तिखटमीठ लावलेले असणारच. परंतु त्यातील अर्थशास्त्र बिनचूक आहे. शिक्षेची धास्ती हा धंद्यातील खर्च ठरला, की तो अखेर दशांश धान्य भरणाऱ्या शेतकऱ्याच्याच माथी बसतो. हा कायदाच रद्द करा असे उद्या प्रांत विनवतील, म्हणजे अधिकारी निदान स्वतःपुरतेच लुटतील, असे सिसेरोने पंचांना ऐकविले ते उगाच नव्हे.

पुराव्यांचा मारा होताच व्हेरीस मसिलियाला निघून गेला. त्याच वर्षी पंचपदे तीन वर्गांत वाटली गेली. इ. स. पूर्व ५९ मधील सीझरच्या कायद्यात तर शंभराहून अधिक कलमे होती. त्यांतील एकच मला विशेष मोलाचे वाटते: प्रांत सोडताना अधिकाऱ्याने आपल्या हिशेबाच्या प्रती तेथील दोन शहरांत ठेवून जावे. पंच कोणीही असोत, आकडे तरी प्रजेपाशी राहत.