बर्फात गाडी थांबते कशावर?

टोरंटो, मॉन्ट्रियल किंवा विनिपेगला शिकायला-नोकरीला गेलेली आपली मुलं पहिली गाडी घेतात ती बहुधा जुनी, छोटी आणि पुढच्या चाकांवर चालणारी. कोरोला, सिविक या जातीतली. नोव्हेंबर लागला की त्यांच्या कानावर हमखास पडतं : ही बर्फात टिकायची नाही, थोडं कर्ज काढ, पण चारही चाकांना ताकद देणारी मोठी गाडी घे. सल्ला काळजीपोटीच दिलेला असतो. पण माझ्या मते तो पैसा भलत्या जागी घालायला लावतो. नीट तयार केलेली साधी गाडी कॅनडातल्या शहरी हिवाळ्याला पुरून उरते, आणि त्या तयारीची सुरुवात इंजिनापासून नव्हे, टायरपासून करावी लागते.

अशा गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही पुढे असतात. त्यामुळे साधारण ६० टक्के भार पुढच्या चाकांवर येतो, आणि गाडी ओढतातही तीच. भाराखाली दबलेलं चाक बर्फात पकड धरतं, म्हणून ही गाडी बऱ्याच ठिकाणांहून सहज निघते. चारही चाकांची ताकद निघताना आणि चढावर जास्त कामी येते, हे मान्यच आहे. बर्फ न काढलेल्या खेड्यातल्या रस्त्यावर रोज जायचं असेल, तर उंच आणि चारही चाकांवर चालणारी गाडी घ्यावीच. पण ब्रेक प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतात. सिग्नलपाशी थांबताना इंजिनाची ताकद किती चाकांना जाते याने काही फरक पडत नाही; तिथे कामाला येतं ते फक्त रबर. शिवाय एक धोका असतोच. निघताना चाक घसरलं नाही की रस्ता बरा आहे असं वाटतं, वेग वाढतो, आणि तो किती निसरडा होता ते ब्रेक दाबल्यावर कळतं.

रबराचं गणित तापमानाशी बांधलेलं आहे. साधारण ७ अंशांच्या खाली नेहमीच्या टायरचं रबर कडक होत जातं. हिवाळी टायरचं मिश्रण थंडीतही मऊ राहतं, आणि त्याच्या नक्षीतल्या बारीक चिरा बर्फाला धरतात. ‘ऑल-सीझन’ हे नाव ऐकून बारा महिन्यांची सोय झाली असं वाटतं, पण ते टायर अशा थंडीसाठी नसतात. टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह आहे का, ते पाहावं. क्युबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर कायद्यानेच सक्तीचे आहेत. ऑन्टारियोत सक्ती नाही. मात्र ते बसवले तर विमा कंपनीला हप्त्यात सूट द्यावी लागते, हा नियम २०१६ पासून आहे. ताकद पुढच्या चाकांना असेल तर पुढेच दोन नवे टायर घालून पैसे वाचवू, हा विचार सुचणं साहजिक आहे, पण तो घातक ठरतो. पुढची चाकं पकड धरतात, मागची धरत नाहीत, आणि वळणावर शेपटी बाहेर फेकली जाऊन गाडी गरकन फिरते. टायर घ्यायचे तर चारच. खर्चाचं म्हणाल, तर हिवाळी टायर चालू असतात तेव्हा उन्हाळी झिजत नाहीत, आणि वेगळ्या लोखंडी रिमवर चढवून ठेवले की दर मोसमाला टायर काढ-घाल करायची मजुरी वाचते. जुने टायर मिळत असतील तर डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचावेत : ३४१९ म्हणजे २०१९ सालातला ३४वा आठवडा. नक्षीची खोली ४ मिलीमीटरच्या खाली गेली असेल तर बर्फासाठी तो टायर संपला. हवाही दर आठवड्याला तपासावी, कारण तापमान साडेपाच अंशांनी उतरलं की दाब सुमारे एक पीएसआयने घटतो. गाडी अजून घ्यायचीच असेल, तर २०१२ किंवा त्यानंतरच्या मॉडेलची पाहावी. घसरणारी गाडी सावरणारी स्टॅबिलिटी कंट्रोल यंत्रणा कॅनडात सप्टेंबर २०११ पासून नव्या गाड्यांना सक्तीची झाली. अर्थात, कडक रबरावर तीही हतबल असते.

टायरनंतर बॅटरी. उणे १८ अंशांच्या आसपास तिची ताकद निम्म्यावर येते, आणि नेमकं तेव्हाच घट्ट झालेलं तेल ढवळायला स्टार्टरला जास्त जोर लागतो. म्हणून चार-पाच वर्षांच्या बॅटरीची ऑक्टोबरातच भाराखाली चाचणी करून घ्यावी. तेल गाडीच्या पुस्तकात सांगितलेलंच, पण तिथे पर्याय दिला असेल तर ०डब्ल्यू घ्यावं. यातला डब्ल्यू विंटरचाच. कूलंटच्या बाबतीत जास्त घातलं की जास्त संरक्षण, हा समज मात्र साफ उलटा आहे. निम्मं पाणी घातलेलं इथिलीन ग्लायकॉल सुमारे उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही, तर निव्वळ ग्लायकॉल उणे १३ लाच गोठतं. विनिपेग, सॅस्काटून, एडमंटनकडे गाड्यांच्या जाळीतून एक विजेची पिन लोंबताना दिसते. ती इंजिन गरम ठेवणाऱ्या ब्लॉक हीटरची. जुन्या गाडीत ती वायर शाबूत आहे का, हे तिकडे आधी पाहावं. सकाळी निघण्याआधी दोन-तीन तास जोडली तरी पुरते.

या सगळ्यावर एकच आक्षेप मला खरोखर वजनदार वाटतो, तो गंजाचा. रस्त्यावर टाकलेलं मीठ जुन्या गाडीला खालून खातं, आणि तिथे टायर-बॅटरी काही करू शकत नाहीत. म्हणून सौदा ठरण्याआधी गाडी लिफ्टवर चढवून घ्यावी. दाराखालच्या पट्टीवर अंगठा दाबावा. पत्रा करकरला किंवा आत गेला तर तिथून निघावं. ब्रेकच्या नळ्यांवर पापुद्रे सुटलेले असतील तरीही तेच. गाडी ठणठणीत निघाली तर दर शरद ऋतूत खालून गंजरोधक तेलाचा फवारा मारून घ्यावा. सायलेन्सरचा पाइप कुठे फुटलेला नाही ना, हेही त्याच वेळी बघावं, कारण थंडीत काचा बंद असतात आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. बर्फात रुतलेल्या गाडीत हीटर लावून बसायची वेळ आली, तर आधी उतरून त्या पाइपाच्या तोंडाभोवतीचा बर्फ फावड्याने दूर करावा लागतो. ते फावडं डिकीत नोव्हेंबरपासूनच असू द्यावं.