हळू दाबलं तर पसरतं, हाणलं तर फुटतं! झटक्याचा जोर मोजतात कसा?

रस्त्याच्या कामावर पडलेला डांबराचा गोळा बघा. ठेवून दिला तर आपोआप बसतो, पसरतो. पण थंडीच्या सकाळी त्याच्यावर घण घाला, काचेसारखे तुकडे! वस्तू तीच, फरक जोर किती झटक्यात आला याचा.

लोखंडाचंही असंच, पण उलट्या अंगानं. झटका बसला की गाडीचा साधा पोलादी पत्रा जास्त विरोध करतो. म्हणून अपघातात तो किती चेपेल हे हळू ओढणाऱ्या मशीनवर नीट कळत नाही. अंदाज चुकला तर आत बसलेल्याच्या जिवावर.

त्यासाठी 'हॉपकिन्सन बार' वापरतात. मूळ कल्पना १९१४ ची, केंब्रिजच्या बर्ट्राम हॉपकिन्सन यांची. १९४९ मध्ये कोल्स्की यांनी दोन दांड्यांची पद्धत आणली. दोन लांब पोलादी दांड्या, मधे बोटाच्या पेराएवढा नमुना. हवेच्या दाबानं सोडलेली तिसरी दांडी मागून आदळते. धक्क्याची लाट पोलादातून सेकंदाला सुमारे ५ किलोमीटर धावते! नमुन्यापाशी थोडी परत फिरते, थोडी पुढं जाते. दांड्यांवर चिकटवलेले स्ट्रेन गेज दोन्ही टिपतात. परतलेल्या लाटेवरून नमुना किती वेगानं चेपला ते कळतं, पुढं गेलेल्या लाटेवरून त्यानं किती जोर सोसला ते.

हे सगळं सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत. पापणी लवायलाही याच्या शंभरपट वेळ लागतो.