चाकांचं गणित – ९ : एकच गाडी, दोन देश

गेल्या आठवड्यात आपण गाडीच्या स्वतःच्या वजनाचे प्रकार पाहिले. आज तिच्या मागे जोडलेल्या वजनाकडे वळू. उदाहरणाला फोक्सवॅगनची गोल्फ घेऊ. जर्मनीत साधं पेट्रोल इंजिन असलेल्या गोल्फला मागे हिच, म्हणजे ट्रेलर अडकवायची जोडणी, बसवून सव्वा-दीड टनाची कॅरॅव्हॅन ओढत लोक सुट्टीला निघतात आणि पोलिसांनी अडवलं तरी कागद चोख असतात. तीच गोल्फ अमेरिकेत विकली जायची तेव्हा सोबतच्या पुस्तिकेत लिहिलेलं असायचं, की हिला ट्रेलर जोडू नये. इंजिन, गिअरबॉक्स, चॅसी यांत एवढा फरक नाही. मग आकडा दीड टनावरून थेट शून्यावर कसा येतो?

याचं उत्तर गाडीत कमी आणि परीक्षेत जास्त सापडतं. युरोपातली परीक्षा थोडक्यात अशी: बारा टक्क्यांचा चढ, म्हणजे शंभर मीटर पुढे गेलं की बारा मीटर वर. त्या चढावर ट्रेलरसकट गाडी उभी करायची आणि पाच मिनिटांत पाच वेळा जागेवरून उचलून दाखवायची. क्लच जळता कामा नये. शिवाय कायद्याच्या चौकटी आहेत. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील तर त्याचं वजन ७५० किलोंच्या आणि गाडीच्या वजनाच्या निम्म्याच्या आत हवं. ब्रेक असतील तर साध्या मोटारीला तिच्या कमाल मान्य वजनाइतकं ओढता येतं, ऑफ-रोड वाहनाला दीडपट, आणि वरची मर्यादा ३५०० किलो. यातून निघालेला आकडा गाडीच्या नोंदणीच्या कागदावर छापला जातो आणि तो ओलांडणं हा गुन्हा ठरतो.

अमेरिकेत सरकार हा आकडा ठरवत नाही, कंपनी ठरवते. बरीच वर्षं प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने चाचणी घेऊन जाहिरातीत मोठ्यात मोठा आकडा छापायची. पिकअप ट्रकच्या बाजारात तो आकडा म्हणजे मिशीचा पीळ. अखेर २००८ मध्ये एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने ‘जे२८०७’ नावाचं मानक आणलं. त्यात युरोपासारखी चढावरची उचल आहेच, वर सपाटीवर ट्रेलरसकट ताशी साठ मैलांचा वेग तीस सेकंदांत गाठायचा असतो. खरी कसोटी मात्र ॲरिझोनातल्या डेव्हिस धरणाजवळ लागते. कोलोरॅडो नदीच्या काठापासून डोंगराकडे चढणारा हा राज्यमार्ग ६८. साधारण १८ किलोमीटरमध्ये तो सुमारे ९०० मीटर उंची गाठतो. हवा किमान ३८ अंश सेल्सियस, एसी पूर्ण जोरात, आणि मागे जोडचाकं नसलेल्या साध्या गाडीचा वेग ताशी ४० मैलांच्या खाली जाता कामा नये. इथे इंजिनाची ताकद दुय्यम ठरते. परीक्षा रेडिएटरची आणि गिअरबॉक्सच्या तेलाची होते.

हे मानक ऐच्छिक आहे आणि त्यातून एक गंमत झाली. टोयोटाने २०११च्या मॉडेलांपासून ते स्वीकारलं आणि टुंड्रा पिकअपचा आकडा त्यामुळे काहीशे पौंडांनी उतरला. डेट्रॉइटच्या कंपन्यांचं म्हणणं, बाकीचे आले की आम्हीही येऊ. ‘आधी तू’ची ही वाट बघण्यात काही वर्षं गेली. २०१५च्या मॉडेलांपर्यंत मोठ्या कंपन्या एकाच फूटपट्टीवर आल्या.

पण डेव्हिस धरणाचा घाट सांगूनही गोल्फचं कोडं सुटत नाही. युरोपात तिला मिळालेला आकडा अमेरिकेत थोडा घटला असता तर समजण्यासारखं होतं. तो नाहीसाच का झाला? इथे या भागाचा गाभा येतो: हिचच्या बॉलवर ट्रेलर खाली किती दाबतो. बैलगाडीत माल मागे जास्त भरला तर ती उलाळते आणि जू वर उचललं जातं, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. ट्रेलरचंही तसंच. त्याचा पुढचा दाब कमी पडला तर वेगात तो डावी-उजवीकडे डुलायला लागतो, आणि एका वेगापुढे हे डुलणं आपोआप शमत नाही, वाढतच जातं. तोल जाईपर्यंत.

यावर दोन खंडांनी दोन उपाय काढले. अमेरिकेने ट्रेलरचा आस मागे सरकवला आणि त्याच्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार हिचवर घ्यायचा नेम ठेवला. युरोपाने आस जवळजवळ मध्यावर ठेवला, किमान चार टक्क्यांवर भागवलं आणि वेगाला लगाम घातला. जर्मनीत ट्रेलरसह मूळ मर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे. ठरावीक अटी पाळून ठप्पा मिळवला तर १००. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत ट्रेलरसाठी वेगळी मर्यादाच नाही. कॅलिफोर्नियाची ताशी ५५ मैलांची मर्यादा हा ठळक अपवाद. आता हिशेब मांडा. छोट्या हॅचबॅकच्या हिचला समजा ७५ किलोंचा भार मंजूर आहे. दीड टनाच्या ट्रेलरचे चार टक्के म्हणजे ६० किलो, युरोपात चालून गेलं. अमेरिकी नेमाने त्याच ट्रेलरचे किमान १५० किलो हिचवर येणार. म्हणजे ७५ किलोंच्या हिचला तिथे फार तर ७५० किलोंचा ट्रेलर झेपेल, आणि पंधरा टक्के धरले तर ५०० किलोंचा.

१५० किलो हिचवर घेतले तर काय बिघडतं? बॉल मागच्या चाकांच्या मागे साधारण एक मीटरवर असतो. पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर २.६ मीटर धरलं, तर तरफेच्या नियमाने पुढच्या चाकांवरचं सुमारे ५८ किलो वजन उचललं जातं आणि मागच्या चाकांवर २०८ किलो चढतं. गोल्फ पुढच्या चाकांवर चालते, पुढच्याच चाकांनी वळते आणि ब्रेकचं बरंचसं कामही तीच करतात. म्हणजे जिथे पकड हवी, तिथलीच कमी झाली.

अमेरिकी कंपन्यांना ट्रक खपवायचे असतात, कोर्टकचेरीची भीतीही असते, म्हणून त्या मोटारींचे आकडे दाबून ठेवतात, अशी एक लोकप्रिय समजूत आहे. त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. पिकअप घराघरांत असलेल्या देशात छोट्या मोटारीची ट्रेलरसाठी वेगळी चाचणी घ्यायला कंपनी खर्च कशाला करेल? पण वेग आणि हिचवरचा भार यांचा हिशेब मांडल्यावर मला या कारस्थानाची फारशी गरज वाटत नाही.

ऑस्ट्रेलियात तिसराच प्रकार आढळतो. आकडा युरोपातला, हिचवरचा भार मात्र अमेरिकी धर्तीचा, दहा टक्क्यांच्या आसपास. तिथल्या बहुतेक डिझेल पिकअपवर ३५०० किलो अभिमानाने लिहिलेलं असतं. मेलबर्न-सिडनीत स्थायिक झालेल्या आणि कॅरॅव्हॅन घ्यायच्या विचारात असलेल्या मराठी मंडळींनी त्या आकड्यासोबत गाडी आणि ट्रेलर यांच्या एकत्रित वजनाची मर्यादाही वाचावी. समजा ती ६००० किलो आहे. ट्रेलर ३५०० भरला की गाडीला उरले २५००. रिकामी पिकअपच २२०० किलोंची. उरलेल्या तीनशेत चालक, बायको-मुलं, सामान, बुलबार आणि छतावरचा तंबू बसवायचा. बहुतेकांचा बसत नाही, आणि हे त्यांना वजनकाट्यावर गेल्याशिवाय कळत नाही.

ब्रेक असलेला ट्रेलर आणि नसलेला ट्रेलर यांच्यातला ७५० किलोंचा उंबरठा वर नुसता उल्लेखून सोडला आहे. आपल्याकडे गळीत हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडून ट्रॅक्टर रस्त्यावर येतात आणि त्यांतल्या अनेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. पुढच्या भागात तिथूनच सुरुवात करू.