वर्दी आणि दंड

दंड धरणाराही दंडास पात्र असतो, हें आम्हीं संस्कृताच्या वर्गांत वर्षानुवर्षें शिकविलें. मालवणांतील ज्या घरचा मुलगा मुंबईच्या पोलीसखात्यांत आहे, तेथें त्याचा अर्थ वर्तमानपत्रांतून कळतो.

११ नोव्हेंबर २००६ रोजीं रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया यास वाशीहून उचलून नेण्यांत आलें. त्याच्या वकील बंधूंनीं वरिष्ठांस तातडीच्या तारा केल्या. सायंकाळीं तो वर्सोव्यास चकमकींत ठार झाल्याचें पोलिसांनीं जाहीर केलें. पण आधीं गेलेल्या तारांशीं ती हकीकत जुळेना. २०१३ सालीं सत्र न्यायालयानें १३ पोलिसांसह २१ जणांस दोषी ठरविलें. अधिकारी प्रदीप शर्मा मात्र सुटले. १९ मार्च २०२४ रोजीं उच्च न्यायालयानें ती सुटका रद्द करून त्यांसही जन्मठेप दिली. त्यावर सर्वोच्च न्यायालयांत अपील झालें.

मयत टोळीवाला होता, असें आमचे एक स्नेही म्हणतात. असेलही! पण पोलिसास गोळीचा हक्क प्राणरक्षणासारख्या मोजक्याच प्रसंगीं आहे, निवाड्याचा मुळींच नाहीं. म्हणूनच अशा मृत्यूंचा तपास सी. आय. डी. नें किंवा दुसऱ्या ठाण्यानें करावा, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं ठरवून दिलें.

दोषी ठरलेल्यांत साधे शिपाईही होते. पोलीसभरतीची तयारी करणारा शेजारचा मुलगा परवां विचारीत होता, "गुरुजी, साहेबांचा बेकायदा हुकूम मोडला तर नोकरी राहील काय?" त्याच्या वडिलांस हा प्रश्न रुचला नाहीं, आम्हांस रुचला.